सिंदखेडची पौर्णिमा आणि अहर्गण

बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे, लखुजी जाधवरावांच्या वाड्यात, शके १५१९, हेमलंबीनाम संवत्सरी, पौष शुद्ध पौर्णिमेस गुरुवारी जिजाऊंचा जन्म झाला, अशी परंपरा आहे. आणि त्या दिवसाची इसवी तारीख १२ जानेवारी १५९८ ही आज सर्वमुखी आहे. त्या काळच्या दफ्तरात हाच दिवस शुहूर सन ९९८, म्हणजे ‘समान तिसैन व तिसा मया’, या वर्षात पडतो, तर हिजरी सन १००६ चालू असतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरते व पीक आणि वसुली यांचा मेळ राहत नाही, म्हणूनच सूर्याच्या मृगप्रवेशापासून आरंभ होणारा शुहूर सन दख्खनच्या महसुलात रुजला. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढे ६०० मिळविले की इसवी सन येतो.

परंतु या सुप्रसिद्ध तारखेत एक सूक्ष्म भेद दडला आहे. १२ जानेवारी ही जुन्या, ज्यूलियन गणनेची तारीख होय. १५८२ साली पोपने सुधारलेल्या आणि इंग्रजांनी १७५२ पर्यंत न स्वीकारलेल्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस २२ जानेवारी ठरतो. संगणकाच्या बहुतेक आज्ञावल्या मात्र ग्रेगोरियन नियमच भूतकाळात मागे ताणतात. त्यामुळे १२ जानेवारी १५९८ ही तारीख त्यांना जशीच्या तशी दिली, तर त्या गुरुवारऐवजी सोमवार सांगतात, आणि चंद्रही पौर्णिमेचा न राहता शुद्ध पक्षाच्या आरंभीचा होतो. शिवाय युनिक्सची गणना १९७०च्या आणि विंडोजची १६०१च्या १ जानेवारीपासून सुरू होते, म्हणून जिजाऊंचा जन्मदिन दोहोंत ऋणसंख्येतच येतो.

उपाय आपल्या ज्योतिषांना प्राचीन काळापासून ठाऊक होता: तिथी व वर्षे बाजूस ठेवून एका निश्चित आरंभापासून उलटलेले दिवस मोजावयाचे, ज्यास ते अहर्गण म्हणत. गणेश दैवज्ञाने ‘ग्रहलाघवा’त शके १४४२ हा आरंभ धरून, ४०१६ दिवसांचे चक्र योजून तो आकडा लहान राखला, तर स्कालिगरने १५८३ साली सुचविलेल्या कालावधीवर उभ्या राहिलेल्या ज्यूलियन दिनांकात सिंदखेडची ती पौर्णिमा २३०४७३९ होय. या संख्येस साताने भागून तीन उरतात, आणि सोमवारास शून्य धरल्यास वार गुरुवारच निघतो.

म्हणून तारीख लिहिणाऱ्याने, मग तो कारकून असो वा आज्ञावलीकार, अंकाशेजारी गणनेचे नाव अवश्य नोंदवावे. ते नाव असले, तरच १२ आणि २२ जानेवारी या दोन तारखा त्या एकाच पौर्णिमेपाशी येऊन मिळतात.