एकसरच्या गल्लीतलं आरमार

मंडळी, "उपनगराला कसला आलाय इतिहास?" असं आपण सहज म्हणून जातो. हा शब्दच मुळी फोर्टात उभं राहून उत्तरेकडे पाहणाऱ्याचा आहे. बोरिवली मुंबई महापालिकेत आली 1957 साली. त्याआधी ती कुणाचं उपनगर नव्हती, साष्टी बेटावरचं एक गाव होती. तेव्हा आज आपण बोरिवली स्टेशनाच्या पश्चिमेला उतरू आणि एकसरकडे चालू लागू.

मोठा रस्ता सोडला की वाट अरुंद होते, उगाच वळते. गावठाणातल्या पाखाड्या अशाच असतात. घरं आधी, वाट नंतर. इथल्या एका गल्लीत एकसरचे वीरगळ उभे आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची स्मृतिशिळा. ती खालून वर वाचायची: तळाशी युद्ध, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. महाराष्ट्रात असे वीरगळ गावोगाव सापडतात. पण एकसरच्या शिळांवर जहाजं आहेत! वल्ह्यांच्या रांगा, वर धनुर्धारी. समुद्रावरची लढाई दगडात इतकी तपशिलानं क्वचितच दिसते.

ही लढाई कोणती? काही अभ्यासक ती देवगिरीचा यादव राजा महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातली मानतात, म्हणजे 1265 च्या सुमाराची. हेमाद्रीच्या ग्रंथातली राजप्रशस्ती सांगते की सोमेश्वर समुद्रात बुडाला. दुसरे अभ्यासक शैलीवरून या शिळा अकराव्या शतकाच्या आसपास नेतात. आम्हाला स्वतःला पहिलं मत मोहक वाटतं, आणि मोहक आहे म्हणूनच त्यापासून जरा सावध राहावंसं वाटतं. राजांची नावं आपण पुरवतो. ज्यांच्यासाठी दगड उभे केले त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

आता खरा पेच. हे दगड टिकले ते कुणामुळे? गल्लीतल्या लोकांमुळे. त्यांनी त्यांना देव मानलं, हार घातले, रंग लावला. देव म्हटल्यावर कोण हलवणार? पण त्याच रंगाच्या थराखाली वल्ही बुजतात, चेहरे पुसट होतात. अभ्यासक म्हणतो रंग काढा. पूजा करणाऱ्याला ती विटंबना वाटेल. "जतन" या शब्दाचा अर्थ दोघांचा एक नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण हा पेच वर्गात कधी इतका स्वच्छ दिसला नाही. रंग काढायचाच तर आधी त्या गल्लीतल्या माणसांना विचारायला हवं, एवढंच आमचं मत.

इथून उत्तरेला मंडपेश्वरची लेणी आहेत. तिथं उलटा प्रकार. शैव लेण्यात सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी चर्च केलं, वर मठ बांधला. 1739 मध्ये साष्टी मराठ्यांकडे आली. आज मठाचे भग्न अवशेष आहेत, खाली पुन्हा शिवपूजा आहे. एका भिंतीवर तर मूर्तीच्या जागी कोरलेला क्रूस अजून दिसतो. तो कुणी पुसला नाही.

चालताना आणखी एक पाहा. गोराईची खाडी इथून फार लांब नाही. मधली दलदल आणि तिवरं जसजशी भराव टाकून हटली, तसतसं गल्लीतून समुद्र दिसेनासा झाला. एकसरच्या दगडावरची जहाजं आज इमारतींकडे तोंड करून उभी आहेत. आता पुनर्विकासाचे फलक गावठाणाच्या तोंडाशी लागलेत. उद्या गल्ली सरळ नि रुंद झाली तर दगड राहतीलही, एखाद्या कुंपणात. त्यांच्याकडे नेणारं वळण मात्र नकाशावर उरेल का, हे पाहायला तरी आपण येत राहू.