मूल कुणाच्या ताब्यात?

२०२३ साली ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ आला, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी तो पाहिला आणि नॉर्वेला शिव्या घातल्या. मागची घटना खरी होती. २०११ मध्ये स्टावांगर शहरात एका भारतीय जोडप्याची दोन लहान मुलं तिथल्या बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. पुढच्या वर्षी ती भारतात काकांकडे आली. आईला मात्र त्यांचा ताबा मिळायला २०१३ चा जानेवारी उजाडला, तोही कोलकाता उच्च न्यायालयात गेल्यावर. सप्टेंबर २०२१ मध्ये बर्लिनमध्ये सात महिन्यांची एक भारतीय मुलगी अशीच सरकारी ताब्यात गेली. आई-बापांविरुद्धचा फौजदारी तपास आरोपपत्राविना बंद झाला, तरी जून २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने मुलगी त्यांना परत द्यायला नकार दिला.

अशा बातम्यांखाली एक वाक्य हमखास असतं: “आपल्याकडे असं नसतं, इथे मूल आई-बापाचंच.”

हे खरं नाही. सरकारने मूल उचलण्याचा इतिहास आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. तो आपल्याला दिसत नाही, कारण ज्यांची मुलं उचलली गेली त्यांच्यावर सिनेमे निघाले नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. तिथे कुठलीही यंत्रणा समजून घेताना पहिला प्रश्न असतो, हिचं डिफॉल्ट काय? कुणी काहीच केलं नाही, तर काय होतं? मुलांच्या कायद्यांनाही हाच प्रश्न विचारता येतो. आई-बाप गप्प बसले, किंवा त्यांना काही कळलंच नाही, तर मूल घरी येतं की संस्थेत राहतं?

मोजायला एक गाव घेऊ. एकोडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा. धानाच्या पट्ट्यातलं गाव. ते जागचं हललं नाही, पण त्याच्यावरचं राज्य बदलत गेलं. आधी मध्य प्रांत, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. त्यासोबत मुलांचे कायदेही बदलले. एकोडीतल्या एखाद्या आईला त्या त्या काळात सरकारला काय विचारता आलं असतं?

सुरुवात १९११ पासून. गुन्हेगार जमाती कायदा पहिल्यांदा १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात आला होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाखा आणि मध्य प्रांत धरून सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी खुला झाला. सरकारने अधिसूचना काढायची की अमुक जमात गुन्हेगार. मग त्या जमातीत जन्मलेला प्रत्येक जण संशयित. हजेरी, बोटांचे ठसे, सेटलमेंट हे सगळं आपण ऐकलेलं असतं. कलम १७ बद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. त्या कलमाने सरकारला मुलांसाठी औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृह-शाळा काढण्याचा आणि अशा जमातीची मुलं आई-बापांपासून वेगळी करून तिथे ठेवण्याचा अधिकार दिला. मूल म्हणजे सहा वर्षांवरचं आणि अठराच्या आतलं.

यात मुलाने काही केलेलं असण्याची अट नव्हती. आई-बापाने काही केलेलं असण्याचीही नव्हती. जमात पुरेशी होती. आणि जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेच्या वैधतेवर कुठल्याही न्यायालयाने शंका घ्यायची नाही, असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं. म्हणजे अशा जमातीतल्या आईला “का?” विचारायला जागाच नव्हती. डिफॉल्ट असं, की मूल सरकारचं.

मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची माणसं गिरणीत कामाला जायची आणि परत कुंपणात यायची. इलाख्यातल्या या कामाचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट. अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी १९२८ मध्ये नेमलेली समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे एक सदस्य होते. यंत्रणेतले सगळेच क्रूर होते असं समजण्याचं कारण नाही. त्यातल्या अनेकांची प्रामाणिक समजूत होती की आई-बापांच्या सावलीतून बाहेर काढलं तर मूल सुधारेल. “मुलाच्या भल्यासाठी” हे शब्द तिथपासून आपल्यासोबत आहेत.

याच काळात दुसरी एक वाट निघाली. इंग्लंडच्या १९०८ च्या बाल कायद्याच्या धर्तीवर मद्रास, बंगाल आणि मुंबई प्रांतांनी कायदे केले. मुंबईचा १९२४ चा, मध्य प्रांताचा १९२८ चा. म्हणजे एकोडीला लागू होता तो दुसरा. या घराण्यातल्या कायद्यांत जमातीची जागा वर्तनाने आणि परिस्थितीने घेतली. मूल निराधार भटकतंय का, भीक मागतंय का, पालक गुन्हेगारी किंवा दारूच्या सवयींमुळे सांभाळायला नालायक आहे का. निर्णय न्यायालयापुढे व्हायचा. १९११ च्या तुलनेत ही मोठी प्रगती होती. निदान आईला उभं राहायला एक दार मिळालं.

पण “निराधार” कुणाला म्हणायचं? ज्याच्याकडे घर नाही त्याला. म्हणजे गरिबी हेच पहिलं कारण राहिलं.

मुंबई राज्याने गुन्हेगार जमाती कायदा १९४९ मध्ये काढून टाकला. देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. विमुक्त दिन पाळतात तो याच तारखेचा. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. तोवर एकोडी मुंबई राज्यात आलेली होती. या कायद्यातली भीक मागण्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं, वस्तू विकणं यांच्या निमित्ताने पैसे मागणं म्हणजे भीक. उपजीविकेचं दिसणारं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरत राहणं हीसुद्धा भीक. डोंबारी, मदारी, नंदीबैलवाले, पिंगळा ज्योतिषी असे सगळे पोट भरण्याचे धंदे या एका वाक्यात बसतात. कालपर्यंत जन्माने गुन्हेगार असलेल्यांपैकी आणि भटक्यांपैकी अनेक जण आता धंद्याने गुन्हेगार झाले.

मुलांसाठी याचा अर्थ काय होता? पहिल्यांदा दोषी ठरल्यावर साधारण एक ते तीन वर्षं संस्थेत. भिकाऱ्यावर अवलंबून असलेल्यांनाही ताब्यात ठेवता यायचं. स्वतःचं मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ते आईपासून तोडायचं नाही, तिच्यासोबतच ठेवायचं. पाच पूर्ण झाली की प्रकरण बाल कायद्याच्या न्यायालयाकडे. १९११ मध्ये सहाव्या वर्षानंतर मूल तुटायचं, १९५९ मध्ये पाचव्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, पण तो निकाल दिल्लीपुरता.

डिफॉल्ट उलटं व्हायला १९८० च्या दशकात सुरुवात झाली. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता परदेशी दत्तकाचा. न्या. भगवतींनी सांगितलं की मूल सोडून देणाऱ्या आई-बापाला त्याचा अर्थ नीट समजावला पाहिजे आणि विचार बदलायला वेळ दिला पाहिजे. १९८६ मध्ये देशभर एकच बाल न्याय कायदा झाला, पुढे २००० चा आणि आता २०१५ चा. आजच्या कायद्यात मूल परत कुटुंबात जाणं हे मुख्य उद्दिष्ट आहे, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१९ मध्ये नॉर्वेच्याच एका प्रकरणात त्या देशाला दोषी धरलं, त्यामागेही हाच विचार होता: मूल घरी परतेल यासाठी यंत्रणेने गंभीरपणे प्रयत्नच केले नव्हते.

कागदावर तरी आपलं डिफॉल्ट आता बरोबर आहे. मात्र ते आपोआप चालत नाही.

समजा, एकोडीतलं एक जोडपं रोवणी आटोपल्यावर कामासाठी नागपूरला गेलं. पोर स्टेशनवर एकटं सापडलं. चोवीस तासांत त्याला बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात आणि तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. सामाजिक चौकशीचा अहवाल पंधरा दिवसांत यायला हवा, अंतिम आदेश चार महिन्यांत. पालक सापडलेच नाहीत, तर दोन वर्षांपर्यंतचं मूल दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं चार महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर होऊ शकतं.

आता हे घड्याळ आईच्या बाजूने बघा. फोनमध्ये बॅलन्स नाही. जन्माचा दाखला गावात पेटीत. प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि भाडं. “काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल” या आजच्या व्याख्येतही घर नसलेलं, रस्त्यावर राहणारं, भीक मागणारं मूल येतं. कायदा गरिबीला आई-बापाचा दोष म्हणत नाही, पण ओळखीची पहिली खूण अजून गरिबीच आहे. चौकशी करणाऱ्याला झोपडी दिसते. त्या झोपडीत मुलाला कोण जेवू घालतं ते दिसायला वेळ लागतो.

काही मुलांना घरातून बाहेर काढावंच लागतं. मारहाण, लैंगिक अत्याचार, विक्री या गोष्टी घरातही होतात, आणि तिथे सरकारने उशीर केला तर तो गुन्हाच. म्हणून पालकांचा हक्क म्हणजे मुलावरची मालकी नव्हे. तो प्रश्न विचारण्याचा हक्क आहे: मूल का घेतलं, हे कोण तपासणार, कधीपर्यंत, आणि ते परत यावं म्हणून मी काय करू?

या प्रश्नांसाठी आज काही दारं आहेत. समितीच्या आदेशाची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत अपील करता येतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींनाही मिळतो. त्याची हेल्पलाइन १५१००. प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण आहे, म्हणजे भंडाऱ्यातही. आणि गरिबी हेच कारण असेल तर मूल संस्थेत न पाठवता घरातच सांभाळायला मदत करणारी राज्याची बाल संगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली.

१९११ मधल्या आईकडे यातलं काहीच नव्हतं. आजच्या आईकडे ते आहे, पण तिला माहीत नाही, आणि तिचे चार महिने पहिल्या दिवसापासून मोजले जातात. आपल्या फोनमध्ये मात्र हे सगळं दोन मिनिटांत सापडतं. ओळखीत कुणाचं मूल समितीपुढे गेलं, तर आधी १५१०० लावून द्या आणि आदेशाची प्रत मागायला सांगा.