मुक्या जिवाची अखेर आणि अहिंसेची कसोटी

घरात वाढलेला प्राणी असाध्य रोगाने अंथरुणाला खिळला की त्या घराची दोन मते होतात. एक म्हणतो, त्याचे हाल पाहवत नाहीत, डॉक्टरांना बोलावून त्याला सोडवावे. दुसरा म्हणतो, श्वास चालू आहे तोवर उपचार थांबवायचे नाहीत. दोघेही जीवदयेचाच आधार घेतात आणि परस्परांना निर्दय ठरवितात. हा वाद आजचा वाटत असला तरी त्याला मोठा पूर्वेतिहास आहे आणि त्यात जैन विचाराचा वाटा फार मोठा आहे.

या इतिहासातील सर्वांत गाजलेला प्रसंग १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात घडला. आश्रमातील एक वासरू अपंग होऊन वेदनांनी तळमळत होते. शक्य ते सर्व उपचार झाले, शुश्रूषा झाली. तथापि डॉक्टरांनी आशा सोडली. साधी कूस बदलणेही त्या जिवाला असह्य झाले होते. महात्मा गांधींनी हा विषय आश्रमवासीयांपुढे ठेवला. आश्रम म्हणजे एक मोठे कुटुंबच, आणि त्या कुटुंबातही एकमत झाले नाही. चर्चेत एका आदरणीय शेजाऱ्यांनी तीव्र विरोध केला. जो जीव आपण निर्माण करू शकत नाही तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप स्वार्थापोटी केलेल्या वधाला लागू पडतो, येथे नाही, असे गांधीजींचे मत पडले. अखेर त्यांच्या समक्ष डॉक्टरांनी विषाचे इंजेक्शन दिले आणि दोन मिनिटांच्या आत सारे संपले.

गांधीजींनी ही गोष्ट लपविली नाही. ‘नवजीवन’मध्ये आणि ४ ऑक्टोबर १९२८ च्या ‘यंग इंडिया’मध्ये त्यांनी ती सविस्तर लिहिली. अहमदाबाद हे तर जैनांचे मोठे केंद्र. तेथील लोकांना हे रुचणार नाही याची त्यांना जाणीव होती. त्याआधी १९२६ मध्ये गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी आपल्या आवारातील भटकी कुत्री मारविली, तेव्हा गांधीजींनी त्यांची बाजू घेतल्याने मोठा वाद माजला होताच. आताही संतापाची पत्रे येऊन पडली. कित्येक पत्रांत अहिंसेचा कैवार घेतानाच भाषा मात्र हिंसक झाली होती.

जैन समाजाचा विरोध केवळ भावनेचा नव्हता. त्यामागे शास्त्रीय बैठक होती. दहाव्या शतकातील आचार्य अमृतचंद्र यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात हाच मुद्दा स्पष्टपणे घेतला आहे. अतिशय दुःखी जीव मारला तर त्याची दुःखातून लवकर सुटका होते, अशी समजूत करून घेऊन त्याचा वध करू नये, असे ते बजावतात. जीव आपले कर्म बरोबर घेऊन जातो. देह संपविल्याने त्याचे दुःख संपलेच असे कोण म्हणेल, हा यामागील विचार. सल्लेखनेचा दाखलाही येथे लागू पडत नाही. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सांगितलेली सल्लेखना हे साधकाने स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत आहे. दुसऱ्याच्या वतीने ते घेता येत नाही.

परंतु याच अमृतचंद्रांच्या शिकवणुकीची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. राग आणि द्वेष मनात न उपजणे हीच अहिंसा, असे ते मानतात. प्रिय जिवाला सोडवत नाही म्हणून त्याच्यावर एकामागून एक उपचार लादणे, तो तोंड फिरवीत असता बळेच अन्न भरविणे, हीही आसक्तीच होय. ‘तत्त्वार्थसूत्रा’त आर्तध्यानाच्या प्रकारांत इष्टवियोगाच्या चिंतेचा समावेश आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याच सूत्रात अन्नपाननिरोध हा अहिंसा-अणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. म्हणून आजारी प्राण्यापुढे अन्नपाणी ठेवलेच पाहिजे. ते घ्यावे की न घ्यावे हे मात्र त्याच्यावर सोडावे.

गांधीजींनीही पुढे आपल्या मताला कडक मर्यादा घातल्या. रोग असाध्य असावा, संबंधित सर्वांनी आशा सोडलेली असावी, कोणत्याही सेवेचा उपयोग उरलेला नसावा आणि त्या जिवाला आपली इच्छा सांगणे अशक्य असावे, अशा चार अटी त्यांनी सांगितल्या. यांपैकी एक जरी अपुरी असेल तरी प्राण घेणे अहिंसेच्या दृष्टीने समर्थनीय नाही. त्यातील दुसरी अट कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावी. घरातील एकाही व्यक्तीची आशा जिवंत असेल, तर बाकीच्यांनी तिला डावलून निर्णय घेणे गांधीजींच्या कसोटीलाही उतरत नाही.

मग मार्ग कोणता? आपल्या पुराणकथांनी तो पूर्वीच दाखविला आहे. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणी’तील जीवंधरकुमाराला मरणासन्न कुत्रा आढळतो. तो त्याला मारीत नाही, टाकूनही जात नाही. त्याच्याजवळ राहून त्याच्या कानी पंचनमस्कार मंत्र घालतो. तो जीव पुढे सुदर्शन यक्ष झाला, अशी कथा आहे. पार्श्वकुमाराने जळत्या लाकडातील नागयुगुलासाठी हेच केले.

कथेतील हा भाव संस्थारूपानेही उभा राहिला. भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी आदेशावरून १८३२ मध्ये मुंबईत दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई यांच्यासह पारशी, जैन व हिंदू धनिकांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. वृद्ध, लुळ्या आणि निरुपयोगी ठरलेल्या जनावरांना अखेरपर्यंत आसरा देणे हे पांजरापोळांचे ब्रीद होय.

जिवंत ठेवणेच क्रूरतेचे ठरेल अशा जखमी प्राण्याचे जीवन संपविण्यास १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा विशिष्ट परिस्थितीत मुभा देतो. परंतु कायद्याची मुभा म्हणजे धर्माची आज्ञा नव्हे. आज पशुवैद्यांकडे वेदनाशामक औषधे आहेत. १९२८ च्या मानाने वेदना कमी करण्याचे उपाय वाढले आहेत. त्यांचा अवलंब करावा, व्यर्थ उपचारांचा आग्रह सोडावा, जागा स्वच्छ व उबदार ठेवावी आणि पाळीपाळीने जवळ बसून णमोकार म्हणावा. ज्याला निरोप देणे जड जाते त्याला हट्टी म्हणून दूर लोटू नये. सेवेचे काम प्रथम त्याच्याच हाती द्यावे. रात्रंदिवस सेवा करणाऱ्यालाच त्या जिवाची थकलेली नजर अधिक लवकर उमगते आणि पकडलेला हात आपोआप सैल होतो. मुक्या जिवाची अखेर शांत व्हावी आणि त्याच्या निमित्ताने घरात कषाय वाढू नयेत, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.