पडद्यावरची भुतं

टीव्हीच्या चित्राला जी जोडसावली यायची तिला इंग्रजीत 'घोस्ट' म्हणजे भूत म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे भूतबित काही नव्हतं. आम्ही म्हणायचो 'डबल दिसतंय' किंवा 'सावल्या येताहेत'. मुंग्या वेगळ्या, चित्र वरवर पळणं वेगळं आणि सावल्या वेगळ्या. तीन रोग, तीन इलाज. मुंग्या आल्या की अँटेना उंच करायची, चित्र पळालं की टीव्हीच्या मागचं बटण पिळायचं, आणि सावल्या आल्या की एकाने गच्चीवर चढायचं आणि दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, "थोडं डावीकडे! अरे जास्त झालं, होतं तेच बरं होतं!"

त्या ओरडण्यामागे पक्कं भौतिकशास्त्र होतं, याची आम्हाला कुणालाच कल्पना नव्हती.

आपल्याकडे दूरदर्शन १९५९ साली दिल्लीत प्रायोगिक स्वरूपात सुरू झालं आणि मुंबईत आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून दिसू लागलं. चित्र यायचं एकेक रेष करून, डावीकडून उजवीकडे. आपल्या पद्धतीत अशा ६२५ रेषा, आणि एक रेष ६४ मायक्रोसेकंदांत पूर्ण. त्यातले साधारण ५२ मायक्रोसेकंद चित्राचे, बाकीचे पुढच्या रेषेच्या सुरुवातीला परत जायचे. आता गंमत बघा. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. मनोऱ्यावरून थेट आलेली लहर अँटेनाला भेटते आणि तीच लहर समोरच्या डोंगरावर किंवा उंच इमारतीवर आपटून थोडी उशिरा पुन्हा भेटते. उशिरा आलेलं चित्र म्हणजे उजवीकडे सरकलेलं चित्र. २० इंची टीव्हीचा पडदा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद, म्हणजे ३०० मीटरचा वळसा पडला की सावली पाऊण सेंटिमीटर उजवीकडे. दीड किलोमीटरचा वळसा असेल तर जवळजवळ चार सेंटिमीटर! निवेदिकेच्या कानाशेजारी दिसणारा तो दुसरा फिकट चेहरा म्हणजे खरं तर गावाबाहेरच्या टेकडीचा पत्ता होता. पट्टी घेऊन बसलं असतं तर वळसा मोजता आला असता.

यावर इलाज म्हणजे एकाच दिशेने ऐकणारी अँटेना. ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्यांचा जो सांगाडा सगळ्या गच्च्यांवर दिसायचा त्याला यागी-उदा अँटेना म्हणतात. जपानात सेंदाईच्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी या दोघांनी १९२६ च्या सुमारास ती मांडली. मागची लांब कांडी आरशासारखी, पुढच्या आखूड कांड्या वाट दाखवणाऱ्या. समोरून येईल ते घ्यायचं, बाजूने येईल त्याकडे पाठ फिरवायची. गच्चीवर अँटेना इंच-दोन इंच फिरवणं म्हणजे डोंगराकडून येणाऱ्या प्रतिध्वनीला अँटेनाच्या बहिऱ्या बाजूला ढकलणं. मुंबईत हे काम अवघड, कारण इमारती उगवतच होत्या. त्यात विमान डोक्यावरून गेलं की सावली थरथरायची, कारण आपटायची जागाच पळत असायची.

मग केबल आली, डिश आली, लहरी डिजिटल झाल्या आणि प्रतिध्वनी ओळखून निस्तरता येऊ लागला. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने ॲनालॉग प्रक्षेपकही २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाले. डोंगराचं भूत मेलं. आता पावसात चित्राचे चौकोन होतात, पण कुणाला दोन डोकी दिसत नाहीत.

असो. एक भूत गेलं, पण दुसरं तोवर घरात शिरलं होतं. पहिलं जागेचं भूत होतं, हे दुसरं वेळेचं.

वेळेचं भूत फार जुनं. जळती कोलती अंधारात गरगर फिरवली की आगीचं वर्तुळ दिसतं. दिवाळीत फुलबाजीने हवेत नाव लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला हे ठाऊक असतं. संस्कृतात त्याला अलातचक्र म्हणतात, आणि गौडपादाचार्यांनी माण्डूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणात जगाच्या भासाला हाच दृष्टांत दिला आहे. प्रकरणाचं नावच अलातशान्ति! कोलती थांबली की वर्तुळ कुठे जातं? कुठेच नाही, ते नव्हतंच. पुढे १७६५ मध्ये दार्सी नावाच्या गृहस्थाने चाकाला निखारा बांधून हा भास मोजला. उत्तर आलं साधारण सेकंदाचा आठवा भाग. म्हणजे पडदा शोधण्याआधीच डोळ्यात शेपटी होती.

पडदा आला तेव्हा काहींना ती शेपटी हवीच होती. दुसऱ्या महायुद्धातल्या रडारचा काटा पडद्यावर गोल फिरायचा. एका फेरीत दिसलेलं विमान पुढच्या फेरीपर्यंत विसरून चालणार नाही म्हणून काचेला आतून असा फॉस्फर लावत की आधी निळसर चमक आणि मग बराच वेळ टिकणारा पिवळट-हिरवा उजेड. आणि हाच प्रकार संगणकावरच्या खेळांच्या जन्माला हजर होता, हे मला फार आवडतं. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल आणि मित्रांनी पीडीपी-१ संगणकावर 'स्पेसवॉर!' लिहिला. दोन यानं, मधे एक तारा, आणि गोळीबार. त्या संगणकाच्या गोल पडद्याला तसाच रेंगाळणारा फॉस्फर होता, त्यामुळे यानांच्या मागे हिरवट रेघ उरायची. ज्याला आज पोरं दोष म्हणून दुकानदाराशी भांडतात ती तेव्हाची शोभा होती!

घरातल्या काचेच्या टीव्हीचा फॉस्फर मात्र विसराळू निवडलेला. ठिपका उजळला आणि क्षणात विझला. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ते स्वस्तातले टीव्ही गेम आले, त्यात मारियो पळायचा तो अगदी कोरीव दिसायचा. आज ते चित्र किती चांगलं होतं असं वाटतं ते निव्वळ हळवेपणामुळे नाही. ठिपका बहुतांश वेळ काळाच असायचा, म्हणून डोळ्याला फराटा दिसायला जागाच नव्हती.

मग एलसीडी आला. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीने द्रवस्फटिकांचा पडदा दाखवला, १९७० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेलफ्रिश यांनी पीळ दिलेल्या स्फटिकांची युक्ती काढली. घड्याळ आणि कॅल्क्युलेटरला ती उत्तम. आकडे काही पळत नाहीत! पण यात ठिपका विझत नाही, त्यातले रेणू वळतात. वळवताना विजेचा धक्का असतो, परत फिरताना बिचारे आपल्या आपण सावकाश येतात. सुरुवातीच्या लॅपटॉपवर तर माउस हलवला की बाणच गायब व्हायचा, कारण ठिपक्यांना काळं होईपर्यंत बाण पुढे गेलेला असायचा. त्यावर विंडोज ३.१ मध्ये १९९२ साली उपाय काय केला? बाणाच्या मागे मुद्दाम शेपटी लावायची सोय दिली! भुताला भुतानेच उतारा.

पुढची पंधरा वर्षं मिलिसेकंदांची शर्यत चालली. २५, १६, ८, ४... खोक्यावरचा आकडा खाली खाली. त्यासाठी रेणूंना गरजेपेक्षा जोराचा धक्का द्यायची पद्धत आली. धक्का जास्त झाला की रेणू पुढे जाऊन परत येतो, आणि काळ्या शेपटीऐवजी पांढरी उलटी शेपटी दिसते. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगभरात एलसीडी टीव्हींनी काचेच्या टीव्हींना खपात मागे टाकलं, आणि माझ्या मते त्याच सुमाराला लोकांना कळलं की आकडा कमी होऊनही फराटा जात नाही. कारण दोष आता रेणूंचा राहिला नव्हता. एलसीडी एक चित्र पुढचं येईपर्यंत धरून ठेवतो. सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे प्रत्येक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद स्थिर. पण आपला डोळा स्थिर नसतो, तो पळणाऱ्या पात्राबरोबर सरकत असतो. सेकंदात ९६० ठिपके धावणारी गाडी दर चित्राला १६ ठिपके सरकते, आणि तेवढीच ती आपल्या डोळ्यात पुसट होते. ओलेडचे ठिपके मिलिसेकंदापेक्षाही लवकर बदलतात, पण चित्र धरून ठेवतात तेही, म्हणून फराटा तिथेही आहे. अलातचक्र परत आलं म्हणा ना.

एवढं पुराण लावायचं कारण माझा भाचा. नोकरीच्या पहिल्या वर्षात पैसे साठवून त्याने मोठा टीव्ही घेतला आणि त्याला आपला पीसी जोडला. गेममधल्या माणसाच्या मागे काळपट शेपूट. दुकानदार म्हणाला, वरचं मॉडेल घ्या, फरक भरा. फरक त्याच्या महिन्याच्या भाड्याएवढा! परत करायची मुदत संपायला चार दिवस. "मामा, काय करू?"

मी म्हटलं, आधी भूत कुठल्या घरातलं ते शोध. गेममध्ये पळताना स्क्रीनशॉट काढ. शेपूट त्या फोटोतही असेल तर टीव्ही निर्दोष, गेमच ती काढतोय. फोटोत नसेल तर पडदा किंवा त्याच्या आतली प्रक्रिया. मग टीव्हीवर गेम मोड लाव आणि नॉइज रिडक्शन बंद कर, कारण खरखर पुसण्यासाठी टीव्ही मागचं चित्र पुढच्यात थोडं कालवतो. सिनेमाला ते खपतं, गेमला नाही. मग पीसीच्या सेटिंगमध्ये बघ, सेकंदाला ३० चित्रं जाताहेत की ६०. जुन्या एचडीएमआय १.४ मधून फोर-के चित्र ३० च्या वर जात नाही, आणि ३० म्हणजे प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद धरलेलं, फराटा दुप्पट. शेवटी एक गोष्ट मान्य कर: काही पॅनलमध्ये काळ्यातून करड्यात यायला रेणू जास्त वेळ घेतात. अंधाऱ्या दृश्यातली ती शेपूट सेटिंगने कमी होईल, जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. अर्धी शेपूट नॉइज रिडक्शनची होती. राहिलेल्यातली बरीचशी चक्क स्क्रीनशॉटमध्ये सापडली. उरली ती पॅनलची, थोडीशी. टीव्ही ठेवला. पैसे वाचले याचा आनंद आहेच, पण विकणाऱ्याच्या एका वाक्यावर पोराने दुसरं कर्ज काढलं नाही, याचा मला जास्त.

ती स्क्रीनशॉटमधली शेपूट मात्र डोक्यातून जात नाही. आजचे गेम चित्राच्या कडा गुळगुळीत करायला मागच्या चित्रांतून रंग उसने घेतात. २०२० नंतर तर लहान चित्र मोठं करतानाही हाच व्यवहार सर्रास चालतो. हिशेब चुकला की मागच्या क्षणातला माणूस या क्षणात अर्धवट उरतो. डोंगराने परतवलेली लहर, रेंगाळणारा फॉस्फर, आळशी रेणू हे सगळे नाइलाज होते. आता मात्र आपण यंत्राला मुद्दाम आठवण ठेवायला शिकवलं आहे, आणि भूत त्या आठवणीतून येतंय. आठवण ठेवायची म्हटलं की कधीतरी ती चुकीच्या जागी दिसणारच. यंत्राचं काय, माणसाचं काय.