श्वासाची साक्ष

तंजावर म्हटले की मराठी मनाला सरस्वती महाल आठवतो. दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीतील (१७९८ ते १८३२) नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि चित्रे तेथे जतन झालेली आहेत. देहाची लक्षणे केवळ वैद्याच्या स्मरणावर न सोपविता कागदावर उतरवावीत, ही त्यामागील दृष्टी.

मद्रास प्रांतातील दारूबंदी १९३७ साली सेलम जिल्ह्यात सुरू झाली. १९४८ साली ती प्रांतभर, अर्थात तंजावरातही, लागू झाली. असा कायदा आला की लक्षणांचा प्रश्न न्यायाचा प्रश्न होतो. मनुष्य प्यालेला आहे, हे ओळखावे कसे? तोंडाचा वास, तांबारलेले डोळे आणि अडखळती चाल ही जुनी लक्षणे होत. परंतु नाक चुकते आणि तोल आजाऱ्याचाही जातो.

यावर रसायनशास्त्राने उत्तर शोधले. रक्तात मिसळलेला मद्यार्क फुफ्फुसांतून श्वासात उतरतो. एक मिलिलिटर रक्तात जेवढा, तेवढाच सुमारे २१०० मिलिलिटर खोल श्वासात असतो, असे प्रमाण धरले जाते. अमेरिकेत १९२७ साली एमिल बोगेन यांनी फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये श्वास साठवून तो डायक्रोमेट व गंधकाम्लाच्या द्रावातून सोडला. १९५४ साली रॉबर्ट बोर्कनस्टाइन यांनी याच क्रियेवर पोलिसांसाठी यंत्र रचले.

एकदा वापरून टाकावयाची नळी हे त्याच विद्येचे स्वस्त रूप. बंद काचनळीत आम्लयुक्त डायक्रोमेटचे पिवळे कण असतात. टोके मोडून, पिशवीत भरलेला श्वास त्यांवरून न्यावयाचा. मद्यार्काचे ॲसेटिक आम्ल होते आणि पिवळे कण हिरवे पडतात. हिरवा रंग खुणेच्या रेषेपर्यंत पोहोचला, की मर्यादा ओलांडल्याचा संशय. फ्रान्सने २०१२ साली प्रत्येक मोटारीत असे साधन ठेवण्याची सक्ती केली. २०२० साली ती उठविली.

संशय आणि निवाडा यांतले अंतर मात्र विसरता येत नाही. नुकताच घोट घेतला असेल, तर तोंडातलाच मद्यार्क नळीला फसवितो. म्हणून पंधरा मिनिटे थांबावे लागते. शिवाय अस्पष्ट रेषा पाहणारा डोळाही माणसाचाच. भारतातील १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली. तिचा निर्णय मोजलेल्या आकड्याने व्हावयाचा. नळीचा रंग पुढील तपासणीकडे बोट दाखवितो. निर्दोषाची सुटका आणि रस्त्यावरील जिवांची राखण, दोन्हींसाठी मोजलेली आणि लिहून ठेवलेली साक्षच विश्वासाची.