ईसी कॉमिक्स
अमेरिकी चित्रकथा प्रकाशनसंस्था, स्थापना १९४४. संस्थापक मॅक्स गेन्स यांच्या निधनानंतर (१९४७) पुत्र विल्यम यांनी संपादक अल फेल्डस्टाइन यांच्यासह १९५० पासून ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ (भयकथा), ‘वीअर्ड सायन्स’ (विज्ञानकथा) ही नियतकालिके काढली. ‘जजमेंट डे’ (१९५३) ही ईसीच्या विज्ञानकथांतली सर्वांत धाडसी कथा: यंत्रमानवांतील रंगभेद तपासणारा अंतराळवीर अखेरच्या चौकटीत कृष्णवर्णीय निघतो. चित्रकथांविषयीच्या १९५४ च्या सिनेट चौकशीनंतर प्रकाशकांनी आणलेल्या कॉमिक्स संहितेने भयकथा बंद पाडल्या. ‘जजमेंट डे’च्या पुनर्मुद्रणासही संहितेच्या प्रशासकांनी हरकत घेतली. गेन्स यांनी ती न बदलता, शेवटच्या चित्रकथा-अंकात छापली. ईसीच्या कथांची मूळ चित्रे त्यांनी जपली, म्हणूनच १९७० च्या दशकाअखेरीस रस कॉक्रन यांच्या पुनर्मुद्रणांतून वॉली वुड यांच्यासारख्या ईसीच्या चित्रकारांचे अप्रतिम रेखाटन नव्या वाचकांपर्यंत पोचले.