पदविका ते पदवी: चित्रपटशिक्षणाची वाटचाल

चित्रपट हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, ही कल्पना आपल्याकडे सावकाशच रुजली. स. का. पाटील समितीने १९५१ साली चित्रपटशिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली आणि १९६० साली ती पुण्यात साकार झाली, तीही बंद पडलेल्या 'प्रभात'च्या वास्तूत. जेथे 'संत तुकाराम' चित्रित झाला, तेथेच विद्यार्थी छायालेखन व संकलन शिकू लागले. मात्र ते शिक्षण पदविकेचे, तंत्रज्ञ व दिग्दर्शक घडविणारे होते. प्रेक्षकाची दृष्टी घडविण्याचे काम तेथे प्राध्यापक सतीश बहादूर यांनी हाती घेतले. 'पथेर पांचाली' ते दृश्यागणिक उलगडून शिकवीत.

कोलकात्यात हाच ध्यास येशूसंघीय फादर गॅस्टन रोबेर्ज यांनी घेतला. कॅनडाहून १९६१ साली आलेल्या या धर्मगुरूंनी १९७० साली 'चित्रबाणी' केंद्र उभारले. ज्या काळी अनेक भाविक घरांत सिनेमा म्हणजे मुलांना बिघडविणारी वस्तू, त्या काळी एक धर्मगुरू तो नीट पाहावयास शिकवीत होता! सत्यजित राय यांच्याशी त्यांचा दीर्घ स्नेह होता.

मुंबई विद्यापीठाची माध्यमांची पदवी, बी.एम.एम., सुरू झाली ती २००० साली, पुण्यानंतर चाळीस वर्षांनी. 'पुढे नोकरी कसली?' हा पालकांचा प्रश्न रास्तच होता, आणि अभ्यासक्रमाची आखणीही जणू त्याच प्रश्नाला उत्तर देणारी होती. तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा निवडावयाची. चित्रपटाची स्वतंत्र शाखा नव्हतीच. २०१९ साली पदवीचे नाव बदलले, तरी निवड त्या दोहोंतूनच करावी लागली.